जुन्या स्पोर्ट्सकारला टायर घेताना काय बघायचं, ते पण कोल्हापुरात राहून

जुनी पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, ऑडी टीटी असल्या गाड्या सेकंडहँड बाजारात आता नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळायला लागल्यात, त्यामुळं एमएच ०९ पासिंगच्या दोन दारवाल्या गाड्या पण अधूनमधून रस्त्यावर दिसतात. गाडी घेताना माणूस इंजिन ऐकतो, पेंट बघतो, रूफ उघडतंय का बघतो, सर्व्हिस रेकॉर्ड मागतो, आणि टायरकडं एक नजर टाकून "नक्षी आहे की अजून" म्हणून पुढं जातो. खरा खर्च तिथंच बसलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं असल्या गाडीला टायर घेताना आधी वय बघायचं, मग पावसातली पकड, मग बाकी सगळं. "किती किलोमीटर चालेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण गाडी रविवारची पन्हाळा-जोतिबा फेरी सोडली तर कव्हरखालीच असते, वर्षाला दोन-तीन हजार पण होत नाहीत, म्हणजे नक्षी संपायच्या आधी रबर मरतंय.

आधी आहेत ते टायर नीट बघा

टायरच्या साईडवॉलवर डॉट असं लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, बऱ्याचदा लांबट चौकटीत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात आणि आपल्या नशिबानं ती बाजू नेमकी आत आलेली असते, मग मोबाईल फ्लॅश लावून चाकाच्या मागं धरायचा, व्हिडिओ काढायचा आणि नंतर पॉज करून वाचायचं, उगं रस्त्यावर आडवं पडायची गरज नाही. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर चर्चाच नको.

वय इतकं का धरायचं तर हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता ह्यांनी रबर हळूहळू कडक होत जातं, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. शाळेच्या दप्तरात वर्षानुवर्षं पडलेलं खोडरबर आठवा, आकार तोच, कोपरे शाबूत, पण कागदावर नुसतं घसरतं. सात मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेला दहा वर्षांचा टायर असाच असतो, आणि कोरड्या रस्त्यावर तो तुम्हाला काही कळू देत नाही, पहिला पाऊस पडून रस्त्यावर तेलकट थर आला की मग दाखवतो. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असू दे, काढून टाका असं मिशेलिनसारखी कंपनी सांगते. पण ते सगळ्या गाड्यांसाठी, स्पोर्ट्सकारला मी सहा-सात वर्षांच्या पुढं जाऊ नये म्हणेन.

नखानं नक्षीच्या ब्लॉकवर दाबून बघा, जरा तरी दबलं पाहिजे. साईडवॉलवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसतात का बघा, खाचेच्या तळाला असतील तर जास्त वाईट. आणि साईडवॉलला कुठं फुगवटा असेल तर विषयच संपला, खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत, त्याला दुरुस्ती नाही, टायरवाला "काही होत नाही साहेब, बिनधास्त चालवा" म्हणाला तरी नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक करतच नाहीत. ह्या गाड्यांच्या मागच्या चाकांना कंपनीनंच निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो, म्हणजे चाकं वरनं आत झुकलेली, त्यामुळं मागचे टायर आतल्या कडेनं आधी झिजतात. बाहेरनं बघितलं तर पाच मिलिमीटर नक्षी, एकदम मस्त. आतल्या कडेला बघितलं तर गोटा. हात घालून चाचपायची घाई करू नका, कारण झीज फार झाली असेल तर आतल्या पट्ट्याच्या पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात आणि त्या बोटात सुईसारख्या घुसतात. जाड हातमोजा घाला नाहीतर गाडी रॅम्पवर चढवून टॉर्चनं बघा. टायरवर टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ रेषेत खाचेत एक छोटा उंचवटा असतो, नक्षी त्याला टेकली की १.६ मिलिमीटर उरली, ती कारसाठी कायद्याची शेवटची मर्यादा. कोल्हापूरच्या पावसाला तीन मिलिमीटर हीच मर्यादा धरा, त्याच्या खाली पाणी बाहेर फेकायची ताकद फार कमी होते.

साईज: आत्ता बसवलेला टायर बघून ऑर्डर देऊ नका

जुन्या गाडीचे दोन-तीन मालक तरी झालेले असतात आणि प्रत्येकानं आपली हौस केलेली असते. त्यामुळं साईज बघायची ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये. गाडीवर १७ इंची अलॉय आहेत पण कंपनीनं त्या मॉडेलला १६ आणि १७ दोन्ही दिलेली असतील तर १७ ची जी साईज दिलीय ती घ्यायची.

आकड्यांचा अर्थ एकदा समजून घ्या, परत कुणाला विचारायला लागणार नाही. २०५/५५ आर१६ मध्ये २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १६ ही रिम इंचात. खूप जुन्या गाड्यांवर १६५ आर१३ असं नुसतंच असतं, मधला आकडाच नसतो, तिथं साईडवॉल साधारण ८० टक्के धरायची.

आता हे गणित करून बघा, मजा आहे. पहिल्या पिढीची एसएलके, म्हणजे आर१७०, तिला १६ इंचीत पुढं २०५/५५ आर१६ आणि मागं २२५/५० आर१६. पुढच्याची साईडवॉल २०५ च्या ५५ टक्के म्हणजे ११२.७५, वर-खाली मिळून २२५.५, त्यात रिमचे ४०६.४ मिळवले की एकूण उंची ६३१.९ मिलिमीटर. मागच्याची २२५ च्या ५० टक्के ११२.५, दोन्ही मिळून २२५, अधिक ४०६.४, म्हणजे ६३१.४. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! ९८६ म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरला १७ इंचीत पुढं २०५/५० आणि मागं २५५/४०, तिचं काढलं तर ६३६.८ आणि ६३५.८. मागचा टायर इतका रुंद असून उंची तीच, कारण एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांचे फेरे मोजत असतात, आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा कायम वेगळ्या गतीनं फिरलं की त्या कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय.

आता समजा दुकानदार म्हणाला "साहेब २०५/५५ नाही, २२५/५५ आर१६ आहे स्टॉकला, बसतंय की." त्याची उंची होते ६५३.९, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. मीटरवर १०० दिसेल तेव्हा टायरच्या फरकानंच गाडी साडेतीनानं जास्त पळत असेल, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासेल, आणि खालच्या गिअरची ओढ थोडी मरेल. अगदीच पर्याय नसेल तर दोन टक्क्यांच्या आत राहा, आणि ते पण पुढं-मागं एकाच प्रमाणात.

साईजनंतर अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं ९१ डब्ल्यू. ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८९ म्हणजे ५८०, ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. मॅन्युअलमध्ये जे असेल त्याच्या खाली जायचं नाही, वर चालतं. "आपण कुठं २७० नं जाणार हायवेला?" हे बरोबर आहे, जाणार नाही आणि जाऊ पण नका, पण वरच्या रेटिंगचा टायर उष्णता जास्त सहन करतो आणि त्याची बांधणी त्या गाडीच्या वळणाला धरून असते, एच रेटिंगचा टुरिंग टायर घातला की तीच गाडी वळणात लोळल्यासारखी वाटायला लागते.

रुंद करायचा नाद

इथं जरा वेळ घेतो कारण आपल्याकडं ही हौस लई आहे. गाडी रुंद टायरवर भारी दिसते, मान्य. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचं सस्पेन्शन, बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग हे सगळं त्या काळच्या टायरच्या पकडीचा हिशोब करून बनवलंय. आजचा त्याच साईजचा चांगला टायरसुद्धा तेव्हाच्या टायरपेक्षा जास्त धरतो, म्हणजे रुंदी न वाढवता तुम्हाला सुधारणा मिळालेलीच आहे. वर अजून वीस मिलिमीटर वाढवले की स्टिअरिंग जड, रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीत गाडी ओढली जाणार, आणि पावसात तर उलटच, रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो कारण तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं.

रिमची रुंदी पण बघायला लागते. २२५/४५ आर१७ ला साधारण ७ ते ८.५ इंच रुंदीची रिम लागते, २०५/५५ आर१६ ला ५.५ ते ७.५. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की साईडवॉल बाहेर फुगतात, रस्त्याला मधला भागच जास्त टेकतो आणि वळणात टायर रिमवर डुलतो.

आणि उद्यमनगर, म्हणजे आपली लेथ-वर्कशॉपची वसाहत, जवळ आहे म्हणून काही पण टर्न करून घेऊ नका. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल आणि ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरत असेल तर ॲल्युमिनियमची हब रिंग करून घ्या, ते काम आपल्याकडची पोरं मापात करतात, झकास. पण चाक बाहेरच्या बाजूला सरकवायला हब आणि रिमच्या मध्ये जाड स्पेसर, म्हणजे चकती, नको, त्यानं बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि बोल्टचे आटे कमी गुंतून राहतात.

मग कुठला प्रकार घ्यायचा

आपल्याला स्नोचा काही विषय नाही. साईडवॉलवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र असेल तर तो टायर थंड देशातला, रबर मऊ, एप्रिल-मे मध्ये कोल्हापूरच्या डांबरावर भराभर झिजेल आणि वळणात लडबडेल. स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

राहिले तीन. एक म्हणजे टुरिंग, शांत, टिकाऊ, ट्रेडवेअर (टायरवर छापलेला टिकाऊपणाचा आकडा, जेवढा मोठा तेवढा टायर हळू झिजतो) ४०० च्या आसपास किंवा वर. दुसरा अल्ट्रा हाय परफॉर्मन्स समर, ट्रेडवेअर साधारण २८० ते ३४०, मिशेलिन पायलट स्पोर्ट, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट, गुडइयर ईगल एफ१, ब्रिजस्टोन पोटेन्झा, योकोहामा ॲडव्हान ह्या घराण्यातले. तिसरा २०० ट्रेडवेअरचा सेमी-स्लिक टाईप. तिसरा प्रकार तुम्ही वर्षातनं कोइंबतूरच्या करी स्पीडवेला ट्रॅक डेला जात असाल तर वेगळ्या रिमच्या सेटवर ठेवा, रोजच्या गाडीवर नको, कारण त्याच्या खाचा उथळ आणि कमी असतात.

कोल्हापुरातनं बाहेर पडलं की मजेचे रस्ते कुठले? गगनबावड्यावरनं करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरीवरनं फोंडा, आजऱ्यावरनं आंबोली, मलकापूरवरनं आंबा. सगळे घाट, आणि सगळीकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा की वायपर फुल्ल स्पीडला पण पुरत नाही, धुकं वेगळं, वळणावर डोंगरातनं आलेली लाल माती वेगळी. पाऊस संपतो न संपतो तोवर उसाचा सीझन सुरू, मग ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली कांडी आणि शेतातनं चाकाला लागून आलेला चिखल. म्हणजे आपल्याकडं कोरडा स्वच्छ रस्ता वर्षात किती मिळतो ते तुम्हीच बघा. म्हणून माझं उत्तर दुसरा प्रकार, आणि त्यातला पण ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगमध्ये जो वर आहे तो. युरोपच्या टायर लेबलवर ओल्या पकडीला ए ते ई अशी ग्रेड असते, तुमच्या साईजचं लेबल नेटवर शोधा, ए मिळालं तर उत्तम, बी च्या खाली जाऊ नका. टायरवर ट्रॅक्शन एए, ए, बी असं जे छापलेलं असतं ती अमेरिकन ग्रेड, ती पण ओल्या रस्त्यावरचीच पण फक्त सरळ रेषेतल्या ब्रेकिंगची, वळणातलं ती काही सांगत नाही. ट्रेडवेअरचा आकडा पण एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीशी ताडून बघण्यात फार अर्थ नाही, प्रत्येक कंपनी तो स्वतःच ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये मात्र उपयोगी पडतो.

बजेट नसेल तर? टुरिंगमधला चांगला, ताज्या तारखेचा टायर हा तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेल्या महागड्या टायरपेक्षा बरा, विशेषतः गाडी आरामात चालवत असाल तर. अपोलोनं २००९ साली व्रेडेस्टाइन ही डच कंपनी घेतली, त्या नावाचे परफॉर्मन्स टायर आता आपल्याकडं मिळतात, मधल्या बजेटला तो पर्याय बघण्यासारखा आहे.

पोर्शेच्या टायरवर एन० एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूला चांदणी, मर्सिडीजला एमओ, ऑडीला एओ. म्हणजे तो टायर त्या कंपनीनं आपल्या गाडीवर टेस्ट करून पास केलाय. मिळाला तर घ्या, पण खूण आहे म्हणून जुन्या तारखेचा घेऊ नका, आणि पुढं खुणेचा मागं बिनखुणेचा असं मिसळू नका.

झेड४ वाल्यांना वेगळं सांगायला पाहिजे कारण ई८५, म्हणजे पहिल्या पिढीची झेड४, रनफ्लॅटवर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरवर) आलेली, आणि डिकीत स्टेपनी नाही. रनफ्लॅटची साईडवॉल कडक, त्यामुळं आपल्या स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यांत पाठीचे मणके मोजले जातात, अलॉय वाकायची शक्यता पण जास्त. साधे टायर घातले की गाडी एकदम माणसात येते. पण मग डिकीत पंक्चर किट, छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि एक चांगला टॉर्च ठेवायचाच, रात्री दहाला भुईबावड्यात कुणी भेटत नाही.

दोन की चार

जमलं तर चार. एकाच ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळे टायर तर कधीच नाही, ब्रँड सोडा, मॉडेल पण तेच पाहिजे. टीटी क्वाट्रो किंवा लान्सर इव्होसारखी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारच, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातला फरक डिफरन्शियल आणि क्लच पॅकवर कायमचा ताण देतो.

दोनच घ्यायचे ठरले तर नवे मागं. पुढं स्टिअरिंग असतं म्हणून नवे पुढं, असं आपल्याकडं सगळे सांगतात, पण पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, सावरता. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि रिअर व्हील ड्राइव्ह, छोट्या व्हीलबेसच्या गाडीत ते इतक्या पटकन होतं की सावरायला वेळच नाही. ज्या गाड्यांना पुढं-मागं वेगळी साईज आहे तिथं अदलाबदलीचा प्रश्नच नाही, तिथं झिजलेला ॲक्सल बदला, पण दुसऱ्या ॲक्सलवर तेच मॉडेल असलं पाहिजे.

मिळवायचे कसे

कोल्हापुरात १४, १५, १६ इंची टायर ढिगानं मिळतात, पण २५५/४० आर१७ म्हटलं की दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग फोनकडं. पुण्या-मुंबईहून किंवा बेंगळुरूहून मागवायला लागतात. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, लायसन्सशिवाय आणता येत नाही, त्यामुळं इथं न बनणाऱ्या साईजचा माल कधी येतो कधी महिनोनमहिने येत नाही. टायर संपायची वाट बघू नका, तीन-चार महिने आधी शोधायला लागा.

ऑर्डर देताना ॲडव्हान्सच्या आधी एकच मागणी: डॉटच्या चार आकड्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर, प्रत्येक टायरचा वेगळा. "सगळे सेम बॅच आहेत हो" हे ऐकायचं नाही. वर्षाच्या आतले असतील तर डोळे झाकून घ्या, दीड-दोन वर्षांचे असतील आणि साईज दुर्मिळ असेल तर भाव करून घ्या, तीनच्या पुढं सोडून द्या. आयएसआय मार्क बघा, कारच्या टायरला आयएस १५६३३ लागतो. पक्कं बिल, त्यावर टायरचे सिरीयल नंबर, कारण वॉरंटीचा क्लेम त्यावरच होतो. "जपानचा वापरलेला, नव्यासारखा माल" ह्या वाटेला जाऊ नका, त्या टायरनं कुठला खड्डा खाल्लाय ते त्यालाच माहीत.

बसवताना समोर उभं राहा

लाजायचं नाही, खुर्चीत बसून चहा पिण्यापेक्षा मशीनजवळ उभं राहायचं. लो प्रोफाईल टायर आणि जुने अलॉय असतील तर मशीनला हेल्पर आर्म (कडक साईडवॉल दाबून धरणारा जादा हात) आहे का आधीच विचारा, आणि मेटल क्लॅम्पवर प्लास्टिकची टोपी आहे का बघा, नसेल तर रिमच्या कडेला चार ओरखडे ठरलेले. पोरगा टायर चढवायच्या आधी कडेला साबणाची पेस्ट लावतोय का बघा, कोरडाच पान्यानं ओढायला लागला तर थांबवा, बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कडा, फाटला तर नवा टायर वाया. रिमची आतली कडा, जिथं टायर बसतो, तिथं जुन्या अलॉयला पांढरी पावडर धरलेली असते, ती वायर ब्रशनं साफ करायला सांगा, नाहीतर आठवड्याला हवा कमी होत राहणार आणि मग कुणीतरी "आत ट्यूब टाकूया" म्हणणार. ट्यूब नको, लो प्रोफाईल टायरमध्ये ट्यूब आत घासून तापते. व्हॉल्व्ह नवीन टाकायचे, किरकोळ खर्च आहे.

टायरवर रोटेशन आणि बाण असेल तर बाण पुढं फिरला पाहिजे, आऊटसाईड लिहिलेलं असेल तर ते बाहेर दिसलं पाहिजे. हे साधं वाटतं पण घाईत चारात एक उलटा बसतोच, चारही बाजूंनी फिरून वाचा. बॅलन्सिंगची वजनं चिकटवायची आतल्या बाजूला, कडेला ठोकायची नाहीत.

गाडी उचलताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या चार जागांवरच जॅक, मध्ये रबराचा तुकडा. दाराखालचा सिल पत्र्याचा असतो, चेपला की डेंटिंगचा खर्च टायरइतका. पुढचा बंपर खाली असेल तर घरातनंच फळीचे दोन तुकडे न्या, त्यावर चढवली की जॅक आत जातो. आणि शेवटी बोल्ट हवेच्या गननं आवळून सोडून द्यायचे नाहीत, हातानं क्रॉसमध्ये बसवून टॉर्क रेंचनं, ९८६ बॉक्स्टरला १३० न्यूटन मीटर, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा बघायचे.

नंतर

अलाइनमेंट करायचीच, पण त्याच्या आधी बुश आणि टाय रॉड तपासा. बुश फाटलेलं असेल तर मशीनवर आकडे हिरवे येतील आणि शिरोली नाक्यापर्यंत परत बिघडतील. मागच्या चाकांची पण ॲडजस्टमेंट असते, "मागचं होत नाही" म्हणणाऱ्याकडनं गाडी घेऊन निघा.

पहिले दोन-अडीचशे किलोमीटर सांभाळून, नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो. हवा सकाळी थंड टायरला मोजायची, तापमान साडेपाच डिग्रीनं वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून मे महिन्यात दुपारी हायवेवरनं आल्यावर जास्त दिसली म्हणून सोडायची नाही. नायट्रोजन भरला तर भरा, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे. पंक्चर मधल्या नक्षीत, सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तर आतनं मशरूम पॅच, खांद्याला किंवा साईडवॉलला असेल तर दुरुस्ती नाही.

गाडी महिनामहिना उभी राहणार असेल तर हवा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा आणि पंधरा दिवसांनी हातभर तरी पुढं-मागं करा, नाहीतर टायर एका जागी चपटा होतो आणि नंतर गाडी ढकढक करते. चमकवायचं तेलकट पॉलिश लावू नका, साबणपाणी बास. आणि डिकीत स्पेस सेव्हर, म्हणजे छोटी अरुंद स्टेपनी, असेल तर त्याची पण तारीख वाचा, चारही टायर तीनदा बदललेल्या गाडीत स्टेपनी मात्र शोरूममधनं आलेलीच असते. त्याला ठरलेली हवा भरून ठेवा, साईडवॉलवर आकडा असतो, आणि ती लावून ८० च्या पुढं जायचं नाही.